‘दोन मध्यम सफरचंदं’ म्हणजे नेमकी किती हो?

सफरचंदाच्या छोट्या केकची कोणतीही कृती उघडा. मैदा ग्रॅममध्ये, साखर ग्रॅममध्ये, मीठसुद्धा मोजून पाव चमचा. आणि ज्या एका जिन्नसावर केक तरतो किंवा बसतो, त्याचं माप? ‘दोन मध्यम सफरचंदं, बारीक चिरून.’ मध्यम कोणाच्या मते? सफरचंद १३० ग्रॅमचंही असतं आणि २२० ग्रॅमचंही, आणि दोन्हींना बघून कोणीही ‘मध्यम’च म्हणेल. साल नि गाभा काढल्यावर दोन फळांच्या फोडी एकदा २०० ग्रॅम भरतात, एकदा साडेतीनशे. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे या दीडशे ग्रॅमच्या फरकाबरोबर सव्वाशे मिली पाणी, अर्धा कप, मिश्रणात गुपचूप शिरतं. दुधाचं माप अर्ध्या कपाने चुकवलंत तर कृती लिहिणारी हीच मंडळी कपाळावर हात मारतील. सफरचंदाचं चुकलं की म्हणतात, ‘तुमच्या ओव्हनमध्येच काहीतरी गडबड असेल.’

ओव्हनचं काय घेऊन बसलात? पाण्याचा हिशेब कोणी केला?

त्यावर कडी म्हणजे ‘किसून किंवा चिरून, आवडीप्रमाणे’. आवडीचा संबंधच काय? या दोन वेगळ्या कृती आहेत! किसलं की फळाच्या पेशी फाटतात आणि रस ताबडतोब सुटतो. २५० ग्रॅम कीस हाताने घट्ट पिळा, ६० ते ८० मिली रस सहज निघतो. हा रस तसाच मिश्रणात गेला तर वर छान तपकिरी झालेला केक आत गिच्च राहतो, आणि आणखी दहा मिनिटं ठेवलात तर कडा वाळतात, मध्य तसाच. कीस वापरायचा तर पिळूनच घ्या. रस फेकू नका, छोट्या भांड्यात आटवून चमचाभर पाक करा आणि गरम केकवर ब्रशने लावा. सफरचंदाची खरी चव त्यात असते, चार चमचे दालचिनी ओतून येत नाही ती.

फोडींचं गणित वेगळं. त्या रस धरून ठेवतात आणि तापल्यावर सोडतात. म्हणून फोड ६-७ मिलिमीटरच्या वर नको. दोन सेंटिमीटरचे ठोकळे टाकलेत की प्रत्येकाभोवती ओलसर, चिकट कडं तयार होतं, वाफेने पोकळी पडते, आणि केक कापताना ठोकळा टपकन खाली पडतो. शिवाय कोणी फोडींवर आधी साखर टाकून ‘मुरू द्या’ म्हणालं, तर पुढे ‘आणि निथळून घ्या’ असंही लिहा की! साखर पाणी ओढून काढते. पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी रस साचतो आणि बिचारा वाचणारा तो सगळाच्या सगळा मिश्रणात ओततो.

फोडी तळाशी बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवा, ही तर सर्वांची लाडकी युक्ती. पातळ मिश्रणात मैदा लावलेली फोडसुद्धा बुडते, मैदा लावून बुडते एवढंच. मिश्रण चमच्यावरून धारेने न पडता गोळ्याने पडायला हवं, मग फोडी जागच्या हलत नाहीत. बारा केकसाठी मैदा २०० ग्रॅम, साखर १२०, तेल ९० मिली, अंडी २, दही १०० ग्रॅम आणि साल-गाभा काढून तोललेलं सफरचंद २०० ग्रॅम. तोललेलं! जास्त सफरचंद हवंच असेल तर जादा फोडी तव्यावर चार-पाच मिनिटं कोरड्या परता, पाणी उडवा, पूर्ण गार करा आणि मग घाला.

फळाच्या जातीबद्दल तर कोणी तोंडच उघडत नाही. ग्रॅनी स्मिथसारखं आंबट, टणक सफरचंद भाजल्यावर आकार धरतं. रेड डिलिशस दिसायला झकास, पण केकमध्ये त्याचा बेचव लगदा होतो.

आता बेकिंग सोड्याचं. ‘१ चमचा बेकिंग सोडा’ लिहिलंय, आणि साहित्यात दही नाही, ताक नाही, लिंबू नाही. सफरचंद आंबट आहे ना, म्हणे. अहो, तेवढ्या आंबटपणाने चमचाभर सोडा मरत नाही. उरलेला सोडा साबणासारखा जिभेवर येतो आणि केक भलताच काळपट होतो. वर दिलेल्या १०० ग्रॅम दह्याला पाव छोटा चमचा सोडा पुरतो, सोबत दीड छोटा चमचा बेकिंग पावडर. सोडा नि पावडर एकमेकांच्या जागी त्याच मापात टाकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. सोडा साधारण तिप्पट जोरदार असतो.

फेटणं हा आणखी एक संतापाचा विषय. ‘गुळगुळीत होईपर्यंत फेटा’ कशाला? मैदा ओला झाला की जितकं ढवळाल तितकं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, बनतं, केक चिवट होतो आणि आत उभी भुयारं पडतात. ओलं एकीकडे, कोरडं एकीकडे, दोन्ही एकत्र करून दहा-बारा वेळा उलथायचं. मैद्याचे थोडे पट्टे दिसत असतानाच फोडी घालायच्या.

आणि ती टूथपिक! ‘स्वच्छ बाहेर आली की झालं.’ सफरचंदाच्या फोडीत घुसली तर ती केक जळेपर्यंत ओलीच येणार. तीन ठिकाणी टोचा आणि ओल नाही, चिकटलेलं कच्चं मिश्रण बघा. वर बोटाने हलकं दाबून बघा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश. १८० अंशांवर नेहमीच्या आकाराला २० ते २५ मिनिटं लागतात, पंखा चालू असेल तर १६० अंश. अगदी छोट्या साच्यांना १२ मिनिटांतच बघा. ‘२५ ते ४० मिनिटं’ असं लिहिणाऱ्याने नेमक्या कोणत्या साच्यात केला होता, ते एकदा सांगावं.

साचा पाऊण भरायचा. भाजून झाल्यावर ट्रेमध्ये पाच मिनिटं, मग लगेच जाळीवर. ट्रेमध्येच गार होऊ दिलेत तर वाफ तळाशी जिरते आणि साच्यातला कागद ओला होतो. कागद गरम असताना ओढलात तर अर्धा केक त्यालाच चिकटून येतो. आणि पूर्ण गार व्हायच्या आधी डबा बंद केलात तर दुसऱ्या दिवशी वरचा भाग चिकट होणारच. कृतीत मात्र शेवटची ओळ काय, तर ‘गरमागरम सर्व्ह करा’!