बंद कडक होता की सैल, एवढंच विचारून भागणार नाही

करोनाचा विषय निघाला की आमच्या धुळ्यात अजून दोन तट पडतात. एक म्हणतो, स्वीडनसारखं सगळं उघडं ठेवायला हवं होतं. दुसरा म्हणतो, न्यूझीलंडसारखं कडेकोट बंद. मला हा वादच अर्धवट वाटतो. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये देश बंद केला, पण सोबत पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला सुमारे ५८५ न्यूझीलंड डॉलर मालकाकडे दिले, पगार चालू राहावा म्हणून. ब्रिटनने घरी बसलेल्यांचा ८० टक्के पगार, ठरावीक मर्यादेपर्यंत, स्वतः भरला. घरी बसा म्हणणाऱ्याने घरी बसायचा खर्चही उचलला.

आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळालं, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे आले, हे मान्यच. पण खोलीचं भाडं, तेल-मीठ, औषधपाणी? मुंबई-आग्रा हायवेने धुळे, शिरपूर, पळासनेर करत माणसांचे लोंढे चालत गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने जालन्याहून रुळांवरून निघालेले १६ मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली गेले. करोनाबळींच्या आकड्यात ते नाहीत. माझ्या हिशोबात ते आहेत.

स्वीडनचेही गोडवे गाऊ नयेत. वृद्धाश्रमांतली माणसं तिथे फार गेली, नॉर्वे-फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त, आणि करोनाकाळाची चौकशी करणाऱ्या त्यांच्याच आयोगाने अंतिम जबाबदारी सरकारवर टाकली. पण नववीपर्यंतच्या शाळा त्यांनी चालू ठेवल्या, आणि नंतरच्या अभ्यासात तिथल्या लहान मुलांचं वाचन मागे पडलेलं दिसलं नाही.

आणि आपण? राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. नंदुरबारने ऑक्सिजनचे प्लांट दुसऱ्या लाटेआधीच उभारून दाखवले. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांचं त्यासाठी देशभर नाव झालं. म्हणजे आधीपासून विचार केला तर आपल्याला जमतं. पण शाळांचं काय? त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती, तिथे ऑनलाइन शाळा कसली? आश्रमशाळेला कुलूप म्हणजे पोरांचं तिथलं दोन वेळचं जेवणही गेलं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते कागदोपत्री दुसरीत होतं.

राज्यातले बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले होते. पहिलीचा वर्ग त्यानंतर जवळपास चौदा महिन्यांनी. हा क्रम कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवला, याचं उत्तर मला अजून हवं आहे.