साडेसहाशे सीसीच्या नेकेड बाईकचे इंजिन ‘दाबून ठेवलेले’ नसते

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बाईकप्रेमी तरुणांच्या मोबाईलवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा: मध्यम क्षमतेच्या नेकेड बाईक, म्हणजे पुढे वारा अडवणारे आवरण (फेअरिंग) नसलेल्या बाईक, ही ग्राहकाची फसवणूक आहे. कावासाकीची ६३६ सीसीची निंजा झेडएक्स-६आर १३० पीएस (अश्वशक्ती) देते आणि ६४९ सीसीची झेड६५० मात्र ६८ पीएसवर थांबते, म्हणजे कंपनीने इंजिन मुद्दाम दाबून ठेवले आहे आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप केला, म्हणजे त्यातले तक्ते बदलले, की ते मोकळे होते. शिवाय झेड६५०चा १८० अंशांचा क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा) २७० अंशांच्या क्रँकपुढे जुनाट आहे, फेअरिंग नसल्याने गाडी हायवेवर अस्थिर होते, आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल, स्लिपर क्लच ही केवळ किंमत वाढवण्याची निमित्ते आहेत. यांतले पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून तरुण पैसे मोजतात आणि चांगल्या इंजिनाचे नुकसान करून घेतात.

इंजिनाची पॉवर ही टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून येते. झेडएक्स-६आर आपले १३० पीएस १३,५०० आरपीएमला (मिनिटाला तितक्या फेऱ्यांना) देते, तर झेड६५० आपले ६८ पीएस ८,००० आरपीएमला देते. या आकड्यांवरून उलटे गणित मांडले, तर त्या वेगाला पहिलीचा टॉर्क सुमारे ६८ न्यूटन-मीटर आणि दुसरीचा सुमारे ६० न्यूटन-मीटर निघतो. प्रत्येक फेरीमागचा जोर दोन्ही इंजिनांत फारसा वेगळा नाही. पॉवरमधली दुपटीची तफावत मुख्यतः एक इंजिन दुसऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरते, यातून आलेली आहे.

मग झेड६५०चे इंजिनही तितक्याच वेगाने का फिरवू नये, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन सिलिंडरात वरखाली जातो त्या अंतरात, आहे. झेडएक्स-६आरला चार लहान सिलिंडर आहेत आणि तिचा स्ट्रोक ४५.१ मिलिमीटर आहे. झेड६५०ला दोन मोठे सिलिंडर आहेत आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर आहे. १३,५०० आरपीएमला पहिल्या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो. दुसऱ्याचा ८,००० आरपीएमला १६ मीटर असतो, पण तेच इंजिन १३,५००वर नेले तर तो २७ मीटर होईल, आणि इतका वेग शर्यतीच्या इंजिनांतही सहसा गाठला जात नाही. शिवाय पिस्टनच्या हालचालीमुळे कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ तिप्पट होईल. रिमॅपने इंधनाचे आणि ठिणगीच्या वेळेचे तक्ते बदलतात. त्याने स्ट्रोक बदलत नाही, पिस्टन हलका होत नाही आणि सिलिंडरही वाढत नाहीत.

जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने जाणाऱ्याला या रचनेचा फायदा रोज मिळतो. झेडएक्स-६आरचा कमाल टॉर्क ११,००० आरपीएमला येतो, झेड६५०चा ६,७०० आरपीएमला. चढाच्या वळणातून बाहेर पडताना, पुढे लोड भरलेला ट्रक असताना, इंजिन मधल्या फेऱ्यांत असते आणि जोर तिथेच लागतो. झेडएक्स-६आरसारख्या सुपरस्पोर्ट बाईकवर तोच जोर हवा असेल तर गिअर उतरवून इंजिन ओरडत ठेवावे लागते. माझ्या मते आपल्या भागातल्या रस्त्यांसाठी ६८ पीएसचे हे इंजिन १३० पीएसच्या इंजिनापेक्षा अधिक योग्य आहे.

क्रँकच्या मुद्द्यावर बेळगावात तरी अधिक जाणकारीने बोलले जावे, कारण उद्यमबागेत क्रँकशाफ्टचे मशिनिंग १९६०च्या दशकापासून होत आले आहे. १८० अंशांच्या क्रँकमध्ये एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, त्यामुळे त्यांचे प्राथमिक (फेरीत एकदा येणारे) जडत्वबल एकमेकांना तोलते, मात्र शाफ्टला टोकापासून टोकापर्यंत डोलवणारी बलांची जोडी शिल्लक राहते. २७० अंशांच्या क्रँकमध्ये दुय्यम (फेरीत दोनदा येणारी) बले तोलली जातात आणि ठिणग्या २७० व ४५० अंशांच्या अंतराने पडतात, म्हणून आवाज आणि मागच्या चाकाला मिळणारा ठोका व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनासारखा वाटतो. पण तिथे प्राथमिक बल पूर्णपणे तोलले जात नाही. दोन्हीकडे बॅलन्सर शाफ्ट (कंपन कमी करणारा दांडा) लागतोच. शिवाय २७० अंशांची मांडणी नवीनही नाही: यामाहाने ती १९९५ मध्ये टीआरएक्स८५०मध्ये आणली होती आणि रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५०मध्ये ती २०१८ पासून आहे. त्या इंटरसेप्टरची पॉवर ४७ पीएस आहे, म्हणजे संदेशाच्याच तर्काने ती सर्वांत जास्त ‘दाबलेली’ ठरेल, तरीही तिचा क्रँक ‘आधुनिक’. ज्याला २७०चा ठोका आवडतो त्याने तो जरूर निवडावा. ती आवडीची बाब आहे.

फेअरिंगबाबतचा आक्षेप थोडक्यात निकाली निघतो. झेड६५० आणि फेअरिंग असलेली निंजा ६५० यांचे इंजिन एकच आहे आणि व्हीलबेसही (दोन चाकांमधले अंतर) दोन्हींचा १,४१० मिलिमीटर आहे. स्थैर्य व्हीलबेस, स्टिअरिंगचा कोन, ट्रेल, टायर आणि वजनाची विभागणी यांतून येते. फेअरिंग प्रामुख्याने छातीवरचा वारा अडवते. बेळगावहून पुण्यापर्यंत वारा अंगावर घेऊन जाणे थकवणारे असते, हे खरे आहे, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. परंतु चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला हा त्रास सोसण्याजोगा राहतो.

सुरक्षेच्या साधनांना निमित्त म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस कायद्यानेच बंधनकारक आहे. गाळप हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस, पाचट आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल पसरलेला असतो, आणि पावसाळ्यात कणकुंबीचा रस्ता दिवसदिवस ओला राहतो. अशा ठिकाणी थ्रॉटल किंचित जास्त उघडले की मागचे चाक घसरते, आणि ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरता इंजिनाचा जोर कमी करते. घाईत गिअर उतरवल्यावर मागचे चाक अडखळू नये म्हणून स्लिपर क्लच असतो. ही साधने टायरची पकड वाढवत नाहीत, त्यामुळे वेग बेतानेच ठेवावा लागतो. पण क्षणभराच्या चुकीनंतर सावरण्याची संधी ती देतात.

या बाईकवर घेण्याजोगा खरा आक्षेप संदेशात आलेलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या दुचाकीवर ४० टक्के. त्याखेरीज टायर, चेन-स्प्रॉकेट आणि विमा यांचा खर्च लहान गाडीपेक्षा बराच जास्त येतो, आणि बाजाराच्या दिवशी खडेबाजारात अडकल्यावर रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा पायांवर येते. घ्यावी की नाही हे ठरवताना हा हिशेब मांडावा, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून किती दूर आहे हे आधी विचारून घ्यावे.