‘कणा नसलेल्यां’विषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नाव न देता लिहिणाऱ्या वाचकास,

अमेरिकेतले मध्यममार्गी नेते संपत चालले आहेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “मध्यममार्गी म्हणजे कणा नसलेली माणसं. तुमच्यासारख्या डॉलरवाल्यांना तडजोड परवडते.” वर अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांत झालेल्या १८७७ च्या सौद्याचा दाखला आणि “अभ्यास वाढवा” असा सल्ला. मतभेद असू द्यात हो, पण ही काय बोलायची रीत झाली?

सत्ताधारी आपल्या सोयीने मतदारसंघ आखतात, हा मुद्दा मी एका ओळीत उरकला, ही तुमची तक्रार रास्त आहे. तेवढं मान्य.

पण कणा? इंडियानाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड लुगर यांनी डेमोक्रॅट सॅम नन यांच्या जोडीने सोव्हिएत अण्वस्त्रं मोडीत काढण्याचा कार्यक्रम उभा केला. सहा वेळा निवडून आलेल्या या माणसाला २०१२ मध्ये पक्षाच्याच मतदारांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, घरी पाठवलं. नोव्हेंबरात ती जागाही डेमोक्रॅटांकडे गेली! प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन स्पीकर केव्हिन मॅकार्थी यांनी सप्टेंबर २०२३ च्या अखेरीला निधीअभावी सरकार बंद पडू नये म्हणून डेमोक्रॅटांची मतं घेतली. तीन दिवसांत २१६ विरुद्ध २१० मतांनी स्पीकरपद गेलं. त्यात बंडखोर स्वपक्षीय आठच, बाकी मतं डेमोक्रॅटांचीच. एवढं होणार हे दिसत असताना हात पुढे करायला कणा लागत नाही?

आता ‘डॉलरवाले’. हा शब्द लागला, लपवत नाही. ऐन उमेदीची वर्षं मी ग्रीन कार्डच्या रांगेत काढली. नोकरी बदलायची म्हटलं की पोटात गोळा. वडील गेले तेव्हा व्हिसाच्या शिक्क्यापायी मला वेळेवर निघता आलं नाही. २०१३ मध्ये दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांनी मिळून विधेयक आणलं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची देशवार मर्यादा, जिच्यापायी आम्हा भारतीयांची रांग लांबते, ती त्यात काढून टाकली होती. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी ते मंजूर झालं. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन नेतृत्वाने ते मतदानालाच येऊ दिलं नाही, कारण ते आणणाऱ्याचं प्रायमरीत काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा तडजोड मला परवडते की तडजोड न होणं मला महागात पडलं, हे तुम्हीच ठरवा. की तेही अभ्यास न वाढवता ठरवलंय?

१८७७ मध्ये दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना वाऱ्यावर सोडून सौदा झाला, हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तो वेगळा विषय, त्यात शिरत नाही.

पुढच्या वेळी नाव लिहा. मी इथे माझ्या नावानेच लिहितो.