खुलासा : एक्झोराच्या बियांची कॉफी होत नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या बागेतल्या एक्झोरा या फुलझाडाबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘एक्झोरा कॉफीच्या कुळातला, बिया भाजा, घरची कॉफी प्या.’ कूळ एक, हे खरं. पण अनंत, कदंब, मंजिष्ठाही त्याच कुळातले. त्यांची कॉफी कोण उकळतं? कॉफीची प्रजाती ‘कॉफिया’, ती वेगळी. आणि कॅफीन असणं-नसणं कुळावर ठरत नाही : चहा या कुळातला नसूनही त्यात ते आहेच.

पाने पिवळी पडली की ‘कॅफीन उतरलं’, ही त्याच मेसेजमधली दुसरी पुडी. काहीतरीच! कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडलंय. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कुंडीत शेणखत घाला, चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) द्या. बोअरचं जड (क्षारांचं) पाणी टाळलंत तर उत्तम.