फेरारीला चार दरवाजे झाले म्हणून काय बुडालं?

रविवारी कोल्हापूरला फोन लागला की आधी घरच्यांची खुशाली, मग पेठेतल्या फुटबॉलच्या मॅचचा निकाल आणि मग गाड्या, हा क्रम ठरलेला. पलीकडे असतात तिघे: उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप असलेला माझा शाळेतला मित्र, गोकुळ शिरगावात सुपरवायझर असलेला दुसरा, आणि दहावीपासून गाड्यांच्या वेडाने झपाटलेला मावसभाऊ. यातल्या कुणाच्याही दारात स्पोर्ट्स कार नाही, पण इंजिन उघडून पुन्हा बांधता येणारी ही माणसं आहेत. त्यामुळे त्यांचं मत मी हलक्यावर घेत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दरवाजे. पोर्शेने कायेन ही चार दरवाज्यांची उंच गाडी काढली तेव्हाच ती कंपनी बाटली, लॅम्बोर्गिनीने तसलीच उरुस काढून पैसा कमावला आणि नाव घालवलं, आणि शेवटचा भरवसा होता त्या फेरारीनेही 2022 मध्ये पुरोसांग्वे आणून चार दरवाजे लावले. "चार दरवाजेच लावायचे होते तर फेरारी कशाला भावा, बोलेरो घे की!" हे वर्कशॉपवाल्याचं शेवटचं वाक्य, आणि त्यावर बाकीचे दोघे गप्प होतात.

मी गप्प होत नाही. मी स्टुटगार्टच्या फॉयरबाखमध्ये राहतो. पोर्शेचा झुफनहाउझनचा कारखाना इथून लोकल ट्रेनने दोन स्टेशनं पुढे. माझं काम कास्टिंगच्या तपासणीचं, सुरुवात शिरोलीच्या फाउंड्रीत झालेली. इतकी वर्षं या गावात काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: चार दरवाज्यांनी स्पोर्ट्स कार मेली नाही, उलट तिला जगवलं. आणि ज्या गोष्टीवरून खरंच भांडायला हवं, ती या भांडणात कोपऱ्यात पडून राहते.

पोर्शेचंच घ्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी बुडायला आली होती. 1986 च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास गाड्या खपत होत्या, तो आकडा सात वर्षांत पंधरा हजारांच्या जवळ घसरला. तेव्हा कंपनीकडे फक्त दोन दरवाज्यांच्या गाड्या होत्या, म्हणजे माझ्या मित्रांच्या हिशेबाने सगळं शुद्ध होतं. 989 नावाची चार दरवाज्यांची गाडी आखून झाली होती, तीही पैशाअभावी गुंडाळून ठेवली. मग व्हेंडेलिन विडेकिंग प्रमुख झाले. त्यांनी टोयोटात तयार झालेले जपानी सल्लागार बोलावले. सुटे भाग रचून ठेवायचे उंच रॅक करवत घेऊन अर्ध्यावर कापले, ही गोष्ट इथे अजून सांगतात. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका गृहस्थांचे वडील त्या काळात झुफनहाउझनच्या लाइनवर होते. पुढच्या महिन्याचा पगार होईल का, अशी चर्चा जेवणाच्या टेबलावर व्हायची, असं ते सांगतात.

1996 मध्ये दोन माणसांची बॉक्सस्टर आली आणि कंपनीने श्वास घेतला. 2002 मध्ये कायेन आली आणि कंपनी उभी राहिली. इथल्या चाहत्यांनीही तेव्हा कमी शिव्या घातल्या नव्हत्या. पण त्या कायेनसाठी लाइपझिगला जो नवा कारखाना बांधला, त्याच कारखान्यात करेरा जीटी जोडली गेली. व्ही10 इंजिन, हाताचा गिअर, वर छप्पर काढता येणारं, आजही जिच्यासाठी जगभरचे लोक जीव टाकतात ती. एका छपराखाली दोन्ही. घरच्या वादात हा तपशील मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी विषय बदलला जातो.

आता 2023 चे आकडे बघा. पोर्शेने त्या वर्षी एकूण 3,20,221 गाड्या गिऱ्हाइकांच्या ताब्यात दिल्या. त्यात चार दरवाज्यांच्या कायेन 87,553, मॅकन 87,355, टायकन 40,629, पानामेरा 34,020. दोन दरवाज्यांच्या 911 आणि 718 मिळून सत्तर हजारांच्या थोड्या वर, म्हणजे पाचातली एक. हे ऐकून मावसभाऊ म्हणाला, "बघ, संपलं." मी त्याच आकड्यांत उलटं बघतो. त्यात एकट्या 911 गेल्या 50,146. भरभराटीच्या काळात सगळी कंपनी मिळून जेवढ्या गाड्या विकायची, जवळजवळ तेवढ्या आता एकटी 911 विकली जाते. 911 च्याच जीटी3 सारखी मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारी, टर्बो नसलेली मोटर आजच्या प्रदूषणाच्या नियमांत बसवायला किती खर्च येतो याची कल्पना मला धंद्यामुळे आहे. तो पैसा शाळेत मुलं सोडणाऱ्या कायेनमधून आलाय. उद्यमनगरातल्या मित्राला हे कळायला अवघड जाऊ नये. त्याचं दिवसभराचं लेथवरचं जॉबवर्क पंपाच्या सुट्या भागांचं, आणि त्याच कमाईवर तो रात्री कार्टिंगच्या गाडीचं इंजिन बांधत बसतो. पंपाचे भाग बनवतो म्हणून त्याला कुणी बाटला म्हणत नाही.

इथल्या शुद्धतावाद्यांबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडचं हे मत मुळात इथूनच आलंय. वर उल्लेख केला त्या माझ्या सहकारी गृहस्थांकडे 1980 च्या दशकातली 911 आहे. तिच्या नंबर प्लेटच्या उजव्या टोकाला दोन बारीक आकडे एकाखाली एक छापलेत: 04 आणि 10. अर्थ असा की ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येणार, कर आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. नोव्हेंबर लागला की टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची, बॅटरीला चार्जर जोडायचा, वर सुती आवरण घालायचं आणि गॅरेजचं दार ओढून घ्यायचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. रोजच्या कामाला, नातवंडांना, बाजारहाटाला त्यांच्याकडे जुनी डिझेल स्टेशन वॅगन आहे. ते पानामेराला नाकं मुरडतात आणि त्यांना ते शोभतंही, कारण त्यांच्या दोन दरवाज्यांच्या आग्रहामागे दारात उभी असलेली चार दरवाज्यांची दुसरी गाडी आहे. शिवाय उन्हाळ्यातल्या रविवारी पहाटे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातला मोकळा, गुळगुळीत रस्ताही आहे.

कोल्हापुरात हे कुठून आणायचं? परदेशातून अख्खी बनून येणाऱ्या महागड्या गाडीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या घरात आयातशुल्क लागत आलंय. इतके पैसे घालून एखाद्या कारखानदाराने, आयुष्यभर भट्टीपुढे घाम गाळलेल्या माणसाने, एमएच-09 ची स्पोर्ट्स कार घेतली, तर ती पहिल्यांदा कुठे जाणार? अंबाबाईला आणि मग जोतिबाला. आणि तिच्यात कोण बसणार? आई पुढे, बायको आणि पोरं मागे. 911 ला मागे सीट आहे, पण ती लहान मुलापुरती. बारा वर्षांच्या पोराचे गुडघे हनुवटीला लागतात. आईला खाली वाकून त्यात बसवणं आणि जोतिबाच्या वाडी रत्नागिरीला पोहोचल्यावर हात धरून बाहेर काढणं म्हणजे तिच्या सांध्यांची परीक्षा. ज्या माणसाने कमावलं तो आपल्या माणसांना सोडून एकट्याने मजा करणार नाही. ही आपल्याकडची रीत आहे आणि मला ती प्रिय आहे.

रस्त्याचं तर बोलायलाच नको. आंबा घाटाकडे निघालात की गावागावाच्या वेशीवर स्पीडब्रेकर. काही रंगवलेले, बरेचसे न रंगवलेले, आणि एकाची उंची दुसऱ्यासारखी नाही. 911 ला पुढचं नाक सुमारे 40 मिलिमीटर वर उचलायची सोय घेता येते, पण ते बटण किती वेळा दाबणार? पुरोसांग्वे जमिनीपासून 185 मिलिमीटर उंच आहे. आत 6.5 लिटरचं व्ही12 इंजिन, 725 अश्वशक्ती, गिअरबॉक्स मागच्या बाजूला, जेणेकरून वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जावं. चार स्वतंत्र खुर्च्या आहेत आणि मागचे दरवाजे मागच्या बाजूने बिजागरीवर उघडतात. हे सगळं बघून मला ती बोलेरो वाटत नाही. चौघांना घेऊन गगनबावड्यापर्यंत जाऊ शकणारी फेरारी वाटते, आणि चार दरवाज्यांची अशी फेरारी याआधी विक्रीला नव्हती. 1980 मध्ये पिनिन नावाचा चार दरवाज्यांचा एक नमुना दाखवला होता, तो नमुनाच राहिला.

आपल्या गावची सगळ्यात लाडकी जर्मन गाडी कोणती? दसऱ्याला छत्रपतींचं घराणं ज्या मेबॅकमधून दसरा चौकात येतं, ती. तिचा कारखाना होता बोडन सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनला, माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. विल्हेल्म मेबॅक यांनी डाइमलरसोबत सुरुवात केली ती तर स्टुटगार्टच्या कानश्टाटमध्ये. त्या गाडीतून घरची माणसं सोबत येतात म्हणून तिची शान एका तसूनेही कमी झालेली मी पाहिली नाही.

चार दरवाजे हवेत म्हणून गिऱ्हाईक किती खटपट करतं तेही बघा. 1967 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका पोर्शे विक्रेत्याने बायकोला नाताळची भेट म्हणून चक्क 911 लांबवून तिला चार दरवाजे लावून घेतले होते. ही हौस आजची नव्हे.

म्हणून चार दरवाज्यांच्या सगळ्याच गाड्या मला पटतात असं नाही. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचं मला मनापासून दुःख आहे. कॉलिन चॅपमन यांनी ती कंपनी एका तत्त्वावर उभी केली: रचना सोपी ठेवा, वजन कमी करा. 1996 ची पहिली एलिस जेमतेम 725 किलोची होती. आजची चार दरवाज्यांची एलेट्रे अडीच टनांच्या आसपास आणि बनते चीनमधल्या वुहानला. पोर्शे वजनदार गाड्या बनवते तेव्हा तिच्या मूळ विचाराला मोठा धक्का लागत नाही, कारण 911 पूर्वीही रोज वापरायची गाडी होती. लोटसचा तर सगळा जीवच हलकेपणात होता. एलिस 2021 मध्ये बंद झाली. दोन दरवाज्यांची एमिरा आहे, पण ती पहिल्या एलिसच्या जवळपास दुप्पट वजनाची. इथे माझे मित्र म्हणतात ते खरं आहे. फेरारीने निदान पुरोसांग्वेची विक्री एकूण गाड्यांच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवायचं जाहीर केलंय. लॅम्बोर्गिनीत उरुस अर्ध्याहून जास्त झाली तेव्हा मलाही जरा अस्वस्थ वाटलं, पण बारा सिलिंडरची रेव्हुएल्टो ते बनवतात तोवर मी तक्रार करणार नाही.

माझी खरी तक्रार 718 बद्दल आहे. बॉक्सस्टर आणि केमन. इंजिन मधोमध, दोन माणसं, हातात गिअर आणि किंमत 911 च्या खाली. कोल्हापुरातला माणूस वीस वर्षं पैसे साठवून एखादी जुनी का होईना घेऊ शकेल, अशी हीच एक पोर्शे होती. 2024 मध्ये गाड्यांच्या सायबर सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि युरोपात पेट्रोलवरच्या 718 ची विक्री थांबली. 2025 मध्ये उत्पादनही संपलं. त्याच नियमाने पेट्रोलची मॅकनही इथून गेली, म्हणजे दरवाजे दोन की चार याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जुन्या गाडीची इलेक्ट्रॉनिक्स नव्याने करायचा खर्च परवडत नाही, असा हिशेब झाला. आता नवी पोर्शे हाताच्या गिअरची हवी असेल तर 911 टी नाहीतर जीटी3 कडे जावं लागतं, आणि त्यांचे भाव सामान्य वेड्याच्या आवाक्यातले नाहीत.

2023 मध्ये 718 गेल्या 20,518. तेवढ्या लोकांना साधी, हलकी, दोघांची गाडी हवी होती. त्यांच्यासाठी आज शोरूममध्ये काय आहे, हा प्रश्न पुढच्या रविवारी मी तिघांपुढे टाकणार आहे. गाड्यांना चार दरवाजे झाले म्हणून हळहळण्यापेक्षा त्यावर त्यांचं डोकं चालावं असं मला मनापासून वाटतं. उद्यमनगरातला तो गडी तर मला गाडीचं वजन कुठून कुठून काढता येईल हे कागदावर मांडूनही दाखवेल.