बुद्धी वजा दोन

'खेळात राजकारण कशाला घुसवता?' हा एका लेखातला प्रश्न वाचून हसू आलं. अहो, ते १९७४ पासून आतच आहे! 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, काल्पनिक पात्र होऊन फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पहिल्या नियमांत ड्वार्फ (बुटक्या वंशाचा) योद्धा सहाव्या पातळीपुढे जायचाच नाही, कारण वंश. २०१६ च्या पुस्तकात ऑर्क (राक्षसासारख्या वंशाचं पात्र) निवडला की बुद्धीचे दोन गुण जन्मतःच वजा. कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या पोलिसाने केलेल्या हत्येनंतर २०२० मध्ये अमेरिकेत लोक रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी खेळाच्या कंपनीने ही वजाबाकी काढली. २०२४ मध्ये नियमांतून 'रेस' (वंश) जाऊन 'स्पीशीज' (प्रजाती) आलं. (हा शब्द मला तरी आणखीच विचित्र वाटतो.) मी मुद्दाम ऑर्क ग्रंथपाल खेळायचे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले तरी ते दोन गुण टोचायचे. आडनाव विचारून मग वही तपासणारे मास्तर पाहिलेत, म्हणून असेल.