‘वर्कशॉपात चालू, जेट्टीवर बंद’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की टुरिस्ट बोटीचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं मशीन, दोन वेळा आमच्याकडे आणलंत, आम्ही कार्बोरेटर साफ केला, स्पार्क प्लग बदलले, पैसे घेतले. सकाळची फेरी नीट होते, पण दुपारी देवबागच्या जेट्टीवर पर्यटक बसले की मशीन लागतच नाही. "यांना रोग कळत नाही, नुसते प्लग विकतात," असं लिहून एक स्टार दिलात.

ऐन सीझनमध्ये भरल्या बोटीत दोरी ओढत बसायची वेळ आली की कोणाचंही डोकं फिरेल. तुमच्या रागाबद्दल काही म्हणत नाही. प्लगबद्दल मात्र म्हणतो. काढलेले प्लग आम्ही तुमच्या खलाशाच्या हातात दिले होते. दोन्ही काळे आणि पेट्रोलने ओलेचिंब. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही असं समजायचं. ओला निघाला तर पोचतंय, पण जळत नाही. तुमच्याकडे दुसरा प्रकार आहे.

आता मुद्दा. दोन्ही वेळा तुम्ही नुसतं मशीन आणलंत. टाकी आणि बल्बचा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी फुग्याचा) पाईप बोटीतच राहिला. आमच्याकडे ते पाण्याच्या पिंपात, आमच्या टाकीवर, सावलीत चाललं, आणि पहिल्याच दोरीला लागलं. टाकी घेऊन या, असं तेव्हाच सांगितलं होतं, बिलावरही लिहिलंय.

सकाळी लागतं, दुपारी नाही, यातच बरंचसं उत्तर आहे. फेरी संपली की खलाशी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करतो, पाईप मात्र मशीनला तसाच जोडलेला. टाकी उन्हात तापते, आत वाफेचा दाब वाढतो आणि तो दाब पेट्रोल पाईपातून थेट कार्बोरेटरात ढकलतो. बल्ब न दाबताच दगडासारखा कडक लागतो. मग खलाशी चोक ओढतो, म्हणजे आधीच पेट्रोलने बुडालेल्या मशीनला आणखी पेट्रोल. स्क्रू सैल करताना फुस्स असा आवाज आला तर माझं म्हणणं तिथेच पटेल.

बोट उभी केली की पाईप मशीनकडून काढून ठेवा, टाकीवर ओलं गोणपाट टाका. चालवताना स्क्रू उघडाच हवा, नाहीतर उलटं होतं: टाकीत हवा शिरत नाही, बल्ब चपटा होतो आणि थोड्या वेळात मशीन खाडीच्या मधोमध बंद पडतं. एवढं करूनही मशीन पेट्रोलने बुडालंच, तर आधी माणसं उतरवा, कोणी विडी पेटवू नका. चोक आत, गिअर न्यूट्रल, थ्रॉटल जेवढं उघडेल तेवढं उघडून दोरी ओढा, आणि लागताक्षणी थ्रॉटल खाली आणा.

दुसरा संशय इग्निशन कॉइलवर. काही कॉइल गरम झाली की ठिणगी देणं सोडतात आणि गार झाल्या की पुन्हा शहाण्या होतात. ते पाहायला मशीन निदान अर्धा तास चालवून, गरम असतानाच ठिणगी बघायचा टेस्टर लावावा लागतो. तुम्हाला दोन्ही वेळा घाई होती. अंदाजाने नवी कॉइल बसवून मोठं बिल करणं मला सोपं होतं. तसं मी करत नाही. मशीन बंद करायच्या किल स्विचच्या क्लिपलाही खाऱ्या पाण्याने गंज धरतो, तीही बघू.

पेट्रोलमध्ये पाणी असेल, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ओल लवकर धरते, पाणी तळाला बसतं आणि टाकीतली नळीही तळातूनच ओढते, हे खरं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल म्हणूनच वापरू नये. पण पाणी असतं तर मशीन सकाळीही रडलं असतं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण तेवढं मापानेच ठेवा, तुमच्या टू-स्ट्रोकला ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिली. खलाशी ‘अंदाजाने’ ओतत असेल तर प्लग परत काळे होणारच.

पुढच्या वेळी दुपारी वर सांगितलेलं करूनही लागलं नाही की काही उघडू नका, चोक ओढू नका, आहे तसं ठेवून फोन करा. मी टेस्टर घेऊन जेट्टीवर येतो, बघण्याचे पैसे घेणार नाही. मशीन उतरवायची गरज नाही. फक्त पाणी किती आहे ते सांगा. पूर्ण ओहोटीला बोट गाळात बसलेली असेल तर मशीन चालवून बघता येणार नाही.